परग्रहावरची जमीन कशी करता? तीस सैनिक तयार, बेस मात्र कोरे

तांबडा_तारा
मंडळी, सात महिने रोज रात्री तासभर बसून तीस सैनिकांची तुकडी रंगवून पूर्ण केली. टेबलावर खेळायच्या युद्धखेळातले २८ मिमीचे प्लॅस्टिकचे सैनिक आहेत. चिलखत गडद मोरपंशी, कडांवर फिकट हिरव्याची बारीक रेघ, शिरस्त्राणाच्या काचा नारिंगी. एकेक हातात घेतला की समाधान वाटतं. पण तीसही टेबलावर मांडले की काहीतरी कमी पडतंय हे लगेच जाणवतं. बेस अजून कोरे काळे आहेत, ३२ मिमीच्या गोल चकत्या, आणि त्यांवर हे नुसते उभे करून ठेवल्यासारखे दिसतात. कुठल्या जमिनीवर उतरलेत असं वाटतच नाही.

दोन बेसवर वाळू लावून हिरवं स्टॅटिक ग्रास (बारीक तंतूंचं खोटं गवत) चिकटवून पाहिलं आणि पाच मिनिटांत खरवडून काढलं. अंतराळातून आलेला सैनिक आणि पायाखाली बागेतली हिरवळ, मला ते पाहवेना.

तर प्रश्न असे. परग्रहाची जमीन म्हणून डोळ्याला पटेल असं तुम्ही काय करता? बेस आधी करावा की सैनिक आधी? आणि माझे तीसही आता बेसवर चिकटलेले आहेत, ते उपटून घ्यावेत का?

काजळरेघ
उपटू नका! प्लॅस्टिकच्या गोंदाने लावले असतील तर ते नुसते चिकटलेले नाहीत, दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळून एकजीव झालेलं असतं. ओढाल तर घोट्यातून पाय तुटेल. बाकी सविस्तर रात्री लिहिते.

खडीवाला
धागा आवडला. माझ्या मते आधी ग्रह ठरवा, मग सामान आणा. बहुतेक जण उलटं करतात. जे हाताशी असेल ते बेसवर ओततात आणि मग त्याला कुठल्यातरी ग्रहाचं नाव देतात.

दुसरी गोष्ट कणांच्या मापाची. २८ मिमीचा माणूस म्हणजे साधारण १:६० प्रमाण. या हिशेबाने १ मिमीचा वाळूचा कण म्हणजे ६ सेंटीमीटरचा दगड झाला, मुठीत मावेल एवढा. ५ मिमीचा खडा म्हणजे ३० सेंटीमीटरचा धोंडा. बेसभर एकाच जाडीची वाळू पसरली की ती माती न दिसता नुकत्याच खडी टाकलेल्या रस्त्यासारखी दिसते. माती हवी असेल तर टेक्श्चर पेस्ट (वाळला की खडबडीत होणारा घट्ट लेप) घ्या, नाहीतर पिगमेंटची म्हणजे कोरड्या रंगाची पूड. वाळू त्यात चिमूटभर आणि मोठे खडे दोन किंवा तीनच. तेही सारख्या अंतरावर नकोत. वाऱ्याने आणि उताराने दगड एका बाजूला गोळा होतात. मोठ्या खड्याच्या पायाशी बारीक खडे आणि त्यांच्या कडेने वाळू, एवढं जमलं तरी बेस बोलायला लागतो.

मोठ्या खडकांसाठी झाडाची वाळलेली साल उत्तम. तिचे थर आडवे ठेवले तर गाळाचा खडक दिसतो, उभे ठेवले तर कड्याचा तुकडा. बूच (कॉर्क) तोडून वापरलं तर फुटलेलं काँक्रीट होतं. बूच चाकूने कापू नका, बोटांनी मोडा. कापलेली कड सरळ येते आणि लगेच ओळखू येते.

सूक्ष्मदर्शी
मोरपंशी चिलखत आणि नारिंगी काचा असतील तर मंगळासारखी जमीन करा, डोळे झाकून. निळसर हिरव्यासमोर तांबूस नारिंगी जितकं उठून दिसतं तितकं दुसरं काही दिसणार नाही, शिवाय काचांचा रंग जमिनीत उतरल्यामुळे सगळं एका घरचं वाटेल.

फक्त सगळं विटकरी रंगवून मोकळं होऊ नका. मंगळाचा तांबडा रंग मुख्यतः वरच्या धुळीचा आहे, लोहाच्या ऑक्साइडचा. खालचा खडक बऱ्याच ठिकाणी काळपट राखाडी बेसाल्ट आहे. क्युरिऑसिटी रोव्हरने २०१३ च्या फेब्रुवारीत गेल विवरात खडकाला पहिलं भोक पाडलं तेव्हा बाहेर आलेली पूड राखाडी होती. वरून तांबडा, आतून राखाडी! हे वाचल्यापासून माझ्या बेसची पद्धतच बदलली. आधी सगळं काळपट राखाडी रंगवतो. मग तांबूस तपकिरी फक्त सपाट भागावर आणि खाचांत, जिथे धूळ बसेल तिथे. मग पिवळसर नारिंगीचा हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा. खडकाची एक उभी बाजू राखाडीच ठेवतो, वाऱ्याने धूळ उडून गेलेली. आणि जिथे गोळी लागून दगड फुटलाय असं दाखवायचं, तिथे आतून फिकट राखाडी.

एरवी आपण खाचांत गडद वॉश (खाचांत साचणारा पातळ रंग) भरतो. धुळीच्या ग्रहावर खाचांत फिकट रंग येतो, कारण धूळ तिथेच साचते. हे उलटं गणित एकदा करून बघा.

झटपट_सेनापती
वरचं सगळं सुंदर आहे, पण प्रश्न तीस सैनिकांचा आहे, एकाचा नाही. प्रत्येक बेसवर भूगर्भशास्त्र करत बसलात तर आणखी सात महिने जातील. मी सैन्यं खेळण्यासाठी रंगवतो आणि ती मैदानात उतरली की मला आनंद होतो. खेळताना सैनिक आपल्या डोळ्यांपासून तीन फुटांवर असतो. तीन फुटांवरून तीनच गोष्टी दिसतात: जमिनीचा रंग, तिचा खडबडीतपणा आणि बेसची स्वच्छ कड.

माझी पद्धत: आइस्क्रीमच्या काडीने टेक्श्चर पेस्ट, रात्रभर वाळवणं, मूळ रंग, तपकिरी वॉश, दोन ड्रायब्रश, कडेला एकच रंग. सगळे बेस ओळीत लावून एक पायरी तीसही बेसवर संपवायची, मगच पुढची. दोन संध्याकाळी पुरतात. पेस्ट वाळायच्या आत रंग लावू नका, आतून ओली राहिली की नंतर ड्रायब्रशबरोबर कातडं सोलल्यासारखी निघते.

अर्धापेला
झटपट यांच्याशी सहमत. पूर्ण झालेलं साधं सैन्य अपूर्ण राहिलेल्या अप्रतिम सैन्यापेक्षा मला जास्त आवडतं.

खडीवाला
@झटपट_सेनापती, ओळीत लावून काम करण्याला शंभर टक्के अनुमोदन, मीही तसंच करतो. पण मी सांगितलेल्या गोष्टींना वेळ जास्त लागतच नाही. खडा बेसच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवायला तेवढेच दोन सेकंद लागतात.

काजळरेघ
आले परत. बेस आधी की सैनिक आधी, या प्रश्नावर लिहिते, कारण यात माझं एक पूर्ण पथक वाया गेलं होतं.

मी बारा सैनिक लख्ख रंगवले होते. पांढरं चिलखत, निळसर सावल्या. नंतर त्यांना लाव्हाच्या बेसवर बसवलं. पायाखाली धगधगता लाव्हा आणि गुडघ्यांवर थंड निळी सावली! लाव्हाचा उजेड पायांवर, हनुवटीखाली, बंदुकीच्या पोटावर कुठेच नव्हता. बेस वेगळा छान, सैनिक वेगळा छान, पण दोघांचं एकमेकांशी नातंच नाही. बाराही पुन्हा रंगवावे लागले.

इतक्या लहान आकृतीवर खोलीतला दिवा पुरेशा सावल्या पाडत नाही, म्हणून सावली आणि उजेड दोन्ही आपल्याला रंगवावे लागतात. आणि उजेड जमिनीवरून उसळूनही येतो. त्यामुळे मी आता बेस वेगळा करते आणि सैनिक बुचाच्या तुकड्यावर तारेने टोचून रंगवते, पण ग्रह पहिल्या दिवशी ठरलेला असतो. शेवटी सैनिक बेसवर लावताना तळव्याखालचा आणि बेसवरचा त्या जागेचा रंग खरवडून काढते. सुपरग्लू रंगावर धरतो, पण रंगच प्लॅस्टिकवरून निघून येतो, मग सैनिक आडवा.

तांबडा_तारा, तुमचे चिकटलेले आहेत म्हणून काही बिघडलेलं नाही. जुना छोटा कुंचला घ्या आणि पेस्ट बुटांच्या कडेपर्यंत न्या, किंचित बुटावर चढली तरी चालेल. बुटाच्या तळाशी काळी फट दिसता कामा नये. फट दिसली की सैनिक तरंगतो. पेस्टने बूट अर्धा मिलिमीटर रुतला की त्याला वजन येतं. मग जमिनीचाच तांबूस रंग भरपूर पातळ करून गुडघ्यांच्या मागे, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बंदुकीच्या खालच्या अंगाला एक हलका ग्लेझ द्या. आणि सगळ्यात शेवटी जमिनीचीच पूड बुटांवर आणि नडगीपर्यंत. खाली दाट, वर जाईल तशी विरळ.

नवशिकी_उल्का
वाचनखूण साठवली. पूड म्हणजे विकतचं पिगमेंटच लागतं का?

काजळरेघ
नाही. सॉफ्ट पेस्टलची कांडी बारीक पॉलिश पेपरवर घासली की पूड मिळते. तेलकट पेस्टल नको, कोरडंच हवं. दोन-तीन छटा मिसळा, एकाच रंगाची पूड सपाट दिसते. कोरड्या कुंचल्याने लावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कडेला टेकवून आपोआप पसरू द्या. वाळल्यावर बऱ्यापैकी धरून राहते.

झटपट_सेनापती
आणि त्यावर वार्निश मारलं की पूड गायब होते, हेही सांगा. खेळायच्या सैनिकाला तर वार्निश लागतंच.

काजळरेघ
बरोबर आहे, फिकी पडते. म्हणून वार्निश आधी, पूड नंतर. बोटं लागतात ती खांद्याला आणि डोक्याला, नडगीला कोणी धरत नाही.

जुना_गडी
हिरव्या बेसवर इतका राग नको रे पोरांनो! वॉरहॅमर ४०,००० या अंतराळयुद्धाच्या खेळाची पहिली आवृत्ती १९८७ ची. त्यानंतर कितीतरी वर्षं अंतराळातली सैन्यं झगझगीत हिरव्या बेसवरच उभी असायची, कडासुद्धा हिरवी. त्याला कारण होतं. खेळायचं टेबल हिरवं असायचं. सैनिक जिथे लढणार त्या जमिनीशी बेस जुळवलेला होता, आणि वेगवेगळ्या सैन्यांच्या तुकड्या एका टेबलावर आल्या तरी चित्र एक दिसायचं. आज प्रत्येकाचा ग्रह वेगळा. एक सैन्य बर्फात, समोरचं वाळवंटात, टेबल पडक्या शहराचं. तेव्हा तांबडा_तारा, तुम्ही खेळता ते टेबल कसलं आहे हे आधी सांगा.

सूक्ष्मदर्शी
हा मुद्दा मला नवा आहे आणि पटला.

षटकोन
थोडं अवांतर. मी मोठी यंत्रं रंगवतो, माणूस आत बसून चालवतो ती युद्धयंत्रं. ती ज्या खेळातली, तो खेळ १९८४ साली बॅटलड्रॉइड्स म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी बॅटलटेक झाला. इथे बेस षटकोनी असतो, कारण नकाशाच षटकोनांचा, आणि यंत्राचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर खेळ ठरतो. त्यामुळे बेसच्या पुढच्या कडेला खूण करतो. इन्फिनिटी नावाचा खेळ खेळणारेही बेसच्या कडेवर समोरचे १८० अंश दाखवणाऱ्या खुणा करतात, कारण सैनिकाला मागचं दिसत नाही असा नियम आहे. बेसची कड म्हणजे नुसती चौकट नाही, खेळातलं कामाचं अंग आहे.

खडीवाला यांचा कणांचा हिशेब आमच्याकडे आणखी कडक होतो. प्रमाण १:२८५. १ मिमीचा कण म्हणजे २८ सेंटीमीटरचा धोंडा! वाळू जवळजवळ बादच. मी फक्त बारीक पेस्ट आणि पूड वापरतो, आणि झाडं हवी असतील तर स्पंजचा चुरा. ५ मिमीचा खडा ठेवला की तो दीड मीटरचा कातळ होतो आणि यंत्र खरोखर तीन-चार मजली वाटायला लागतं. मोठेपणा जवळ ठेवलेल्या लहान वस्तूंनी दिसतो.

काडीकचरा
सामानाबद्दल लिहितो. परग्रहावरचं पडकं शहर किंवा कारखाना करायचा तर काही विकत घ्यायची गरज नाही. सैनिक ज्या चौकटीतून कापून काढतो तिचे तुकडे म्हणजे तयार तुळया आणि पाइप. जुन्या घड्याळातली चाकं, जळक्या चार्जरच्या तारा, चहाच्या गाळणीची जाळी. तार पेन्सिलीभोवती गुंडाळून ओढली की लोंबती केबल होते. जाळीचा तुकडा बुचाच्या कडेतून अर्धा बाहेर काढला की काँक्रीटमधली सळई.

एक अनुभव मात्र सांगतो. बाहेरून आणलेली माती, साल आणि शेवाळ मी सरळ बेसवर चिकटवलं होतं. दीड महिन्याने डबा उघडला तर आठ बेसवर पांढरी बुरशी आणि सालीतून पडलेला बारीक भुसा. आत किडे होते. तेव्हापासून बाहेरची प्रत्येक वस्तू धुऊन, ओव्हनमध्ये मंद आचेवर पूर्ण वाळवून मगच घेतो. वाळवतो तेव्हा समोर उभा राहतो, साल लवकर करपते.

खडीवाला
यात भर: बर्फासाठी बेकिंग सोडा आणि पांढरा गोंद असं बरेच जण सांगतात. करू नका. काही काळाने पिवळा पडतो. काचेच्या बारीक मण्यांची तयार बर्फाची पूड मिळते ती घ्या, आणि ती हाताळताना तोंडाला मास्क लावा.

नवशिकी_उल्का
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझे सैनिक राखाडी आहेत आणि मी पडक्या काँक्रीटचे बेस केलेत. जवळून छान दिसतात, लांबून सैनिक दिसतच नाहीत. चिलखतावर आणखी हायलाइट (उजळ रेघा) वाढवू का?

सूक्ष्मदर्शी
चिलखताला हात लावू नका. फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. बेस आणि पाय एकाच करड्यात मिसळले असतील तर दोष रंगाचा नाही, उजळपणाचा आहे. बेसला गडद तपकिरी वॉश देऊन दोन पायऱ्या खाली उतरवा, किंवा उलट फिकट धुळीने उजळ करा. दोन्हीपैकी एकच.

नवशिकी_उल्का
फोटो काढून पाहिला. गुडघ्यापासून खाली खरंच काही नाही! आज गडद वॉश देते.

तांबडा_तारा
इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. @जुना_गडी, आमचं टेबल वाळूच्या रंगाचं आहे, पडक्या इमारतींचं. म्हणजे तांबूस जमीन चालून जाईल असं वाटतं.

आता एक अडचण. काल एका सैनिकावर मॅट वार्निशचा स्प्रे मारला, बाहेर पावसाळी हवा होती. सकाळी पाहतो तर सगळ्या चिलखतावर पांढुरकं धुकं. मोरपंशी रंग राखेसारखा झालाय. तीन आठवडे एकट्या त्याच्यावर घातले होते, तुकडीचा नायक आहे तो. रंग उतरवावा लागेल का?

जुना_गडी
उतरवू नका, नायक वाचेल. रंग खाली जसाच्या तसा आहे. दमट हवेत वार्निशचा थर खरखरीत बसतो आणि प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि कुंचल्याने चकचकीत वार्निशचा पातळ थर द्या. तो खरखर भरून काढतो आणि रंग परत वर येतो. मग मॅट वार्निश पुन्हा, यावेळी बाटलीतलं, कुंचल्यानेच. प्रायमरच्या (रंगाआधीच्या अस्तराच्या) स्प्रेलाही हाच नियम, ओल्या हवेत कॅन हातात घ्यायचाच नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझी धातूची एक संपूर्ण तुकडी अशी धुक्यात गेली होती आणि याच उपायाने परत आली.

अर्धापेला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला होता.

खडीवाला
काजळरेघ, तुमच्या लाव्हाबद्दल विचारायचं राहिलं. पुन्हा रंगवताना सगळ्यात उजळ रंग कुठे ठेवलात? मी कितीतरी लाव्हाचे बेस पाहतो ज्यात भेगेच्या कडांवर पिवळा आणि आत लाल असतो.

काजळरेघ
ते उलटं आहे. भेगेच्या तळाशी उष्णता सर्वात जास्त, म्हणून तिथे जवळजवळ पांढरट पिवळा. वर येताना नारिंगी, मग लाल, आणि थंड झालेली साय काळी. आपल्या हाताला वरच्या कडा उजळ करायची इतकी सवय असते की इथे मुद्दाम थांबून विचार करावा लागतो. काळ्या सायीवर ड्रायब्रश मारायचा मोह मीही आवरते, मारला तर अगदी गडद राखाडीचा.

षटकोन
उंचीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बुचाचे तीन थर लावून सैनिक वर चढवला की दिसतो रुबाबदार, पण ज्या खेळात सैनिकाच्या मागे वाकून ‘इथून तो दिसतो का’ असं बघतात, तिथे तो भिंतीमागे लपूच शकत नाही. समोरच्या खेळाडूशी वाद होतो. एखाद्या नायकाला चढवा, तीस जणांना नको. खडेही बेसच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर बेसला बेस टेकत नाही.

तांबडा_तारा
सात दिवसांनी परत आलो. नायक वाचला! कोरडी हवा मिळाली, चकचकीत थर दिला आणि डोळ्यांदेखत मोरपंशी रंग वर आला. पहिला खांदा ओला होऊन गडद झाला तो क्षण मी विसरणार नाही.

पाच बेस पूर्ण केलेत. पेस्ट बुटांवर किंचित चढवली, सालीचे दोन तुकडे एका कडेला आणि त्यांच्या पायाशी चिमूटभर वाळू. काळपट राखाडी, मग तांबूस तपकिरी, मग पिवळसर नारिंगी. ग्लेझ फक्त गुडघ्यांमागे आणि बंदुकीखाली दिला. झटपट यांचं ऐकून पाचही ओळीत लावले, दीड संध्याकाळ लागली. सॉफ्ट पेस्टलच्या तीन कांड्या घासल्या: विटकरी, गेरू आणि थोडी करडी. पूड नडगीपर्यंत चढवली. आता ते पाच आणि कोऱ्या बेसवरचे पंचवीस शेजारी ठेवले तर पाच जण पोचलेत आणि बाकीचे अजून यानात बसलेत असं दिसतं.

कडेला काळा लावला होता, पण जमिनीचा गडद तपकिरी जास्त बरा वाटला म्हणून बदलला.

झटपट_सेनापती
फोटो पाहिला. पूड तशीच राहू द्या, मी माझं मत बदलतोय. माझ्या पुढच्या दहा जणांच्या बुटांना लावणार आहे.

जुना_गडी
तपकिरी कड वाळूच्या टेबलावर उत्तम बसेल. छान काम.

सूक्ष्मदर्शी
डावीकडून दुसरा सैनिक. त्याच्या टाचेजवळचा दगड फुटलाय आणि आतून राखाडी आहे!

तांबडा_तारा
तो तुमच्यासाठीच केलाय. साल मोडताना कोपरा आपोआप तुटला, मग तिथे फिकट राखाडीचा ठिपका दिला आणि तांबडी धूळ त्या जागेला लागू दिली नाही. उरलेल्या पंचवीसांची पेस्ट आज लावतोय, उद्या रात्री मूळ रंग.